पहिलं आमेन

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी वेळेवर जेवतो. दुकानही उघडतो. तक्त्यावरची अक्षरं लोकांकडून वाचून घेतो, नंबर काढतो, काड्या बसवतो. फार बोलावं लागत नाही, हे चष्म्याच्या धंद्याचं बरं आहे.

एक अडचण आहे. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी एका घराने उभं राहून सगळ्यांसाठी मोठ्याने प्रार्थना करायची असते. तेवीस तारखेला आमच्या घराची पाळी आहे. लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं ती उभी राहायची. गल्लीतल्या आजारी माणसांची नावं तिला पाठ असत. ती थांबली की पहिलं आमेन मी म्हणायचं, एवढंच माझं काम. त्यावरून सगळे मला आमेनभाऊ म्हणतात. पाळकसाहेब गमतीने म्हणायचे, या घरात पवित्र आत्मा बायकोकडून बोलतो आणि नवरा खाली सही करतो.

पाळी दुसऱ्या घराला द्या, असं सांगायला गेलो होतो. आत्मा शब्द देईल, म्हणाले. मला तर तो कधी मिळालाच नव्हता, असं आता वाटतं.

दुसरी गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. दुपारी दुकानाचं दार ओढून मागच्या खोलीत तिच्या पलंगाजवळ भिंगं घासायला बसतो, तेव्हा कण्हल्याचा आवाज येतो. हळू येतो, थांबतो, पुन्हा येतो. आवाज तिचा आहे. नोव्हेंबरात तिची वाचा गेली तेव्हा तीन दिवस ती अशीच कण्हत होती. शेवटच्या दुपारी तू औषध आणायला गेली होतीस. ती कण्हायची थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी प्रार्थना करावी म्हणून. मी चादर नीट केली आणि पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा संपलं होतं.

मला वाटतं, ती अजून वाट पाहते आहे. असलं काही आपल्या विश्वासात बसत नाही, हे मला कळतं.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा भाऊ

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू पानभर लिहिलंस म्हणजे प्रकरण साधं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी डोक्यावर गार पाणी पडूनही तू हूं की चूं केलं नव्हतंस. आई आठवडाभर घाबरली होती, पोरगं मुकं निघतं की काय म्हणून.

आधी मागच्या खोलीतला नळाचा पाइप तपासून घे. आमच्या वॉर्डात एक पाइप होता, तो रात्री कण्हून नव्या नर्सबाईंना रडवायचा. मी गुरुवारी येते, तीन दिवस राहीन. पलंग रिकामा करू नकोस. तिच्या जागेवर मी झोपणार नाही, मला बाक पुरे.

जेवतोस असं लिहिलंस, काय जेवतोस ते लिहिलं नाहीस. येऊन बघतेच.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

तू सुखरूप पोचलीस हे कळून बरं वाटलं. पाइप नवा टाकला. आवाज तसाच आहे.

शुक्रवारी दुपारी मी भिंगं घासायच्या चाकावर होतो आणि तू दारात बसून वाटाणे सोलत होतीस. आवाज आला तेव्हा तुझा हात थांबला. मी पाहिलं. तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलीस, मग उठून भांडी घासायला घेतलीस. ती स्वच्छच होती. तू काय ऐकलंस ते कळव. रविवार जवळ आला आहे.

तुझा भाऊ

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ऐकलं. तू चाकावर वाकला होतास, ओठ मिटलेले, आणि आवाज तुझ्या छातीतून येत होता. तोंडावर सांगितलं असतं तर तू उठून पाणी आणायला गेला असतास, म्हणून लिहिते आहे.

चाळीस वर्षं मी माणसांचं कण्हणं ऐकलं. दुखण्याचं कण्हणं कूस बदलली की बदलतं. तिचं तसं नव्हतं. थोडं कण्हायची, थांबायची, पुन्हा सुरू. एकेकाचं नाव घेत असल्यासारखं. आपले शब्द संपतात तेव्हा पवित्र आत्माच आपल्या आत कण्हून प्रार्थना करतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी ते तिच्या उशाशी बसून ऐकलं आहे.

तेव्हा एक गोष्ट नीट समजून घे. तू प्रार्थना करावीस म्हणून ती बघत नव्हती. तिची करून झाली होती. ती तुझ्या आमेनसाठी थांबली होती.

हे लिहावं की नाही, यात दोन दिवस गेले. रागावू नकोस.

तुझी ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

रागावलो नाही. तुझं पत्र शनिवारी मिळालं. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

काल उभा राहिलो. समोरच्या बाकाची पाठ धरली होती. एकही शब्द आला नाही. मग तो आवाज आला, माझ्यातून, सगळ्यांसमोर. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी खाली बसलो. प्रार्थना संपली की नाही ते कोणाला कळेना, कारण पहिलं आमेन म्हणणारा मीच. शेवटी पाळकसाहेबांच्या म्हाताऱ्या आईने आमेन म्हटलं, मग सगळे म्हणाले. बाहेर पडताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, तुझ्या बायकोपेक्षा लवकर आटोपलंस.

आज दुपारी दार ओढून चाकावर बसलो. आवाज आला. तू लिहिलंस म्हणून तपासून पाहिलं. चाक थांबवलं. एक हात छातीवर ठेवला, एक तोंडावर, आणि श्वास धरला. छाती स्वस्थ होती. आवाज चालूच होता. पलंगाच्या बाजूने येत होता.

मला भीती वाटली, हे तुला खरं सांगतो. पण उठून गेलो नाही. स्टूल ओढून पलंगाशेजारी बसलो आणि ऐकत राहिलो. थोडं झालं की थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. तू म्हणालीस तसंच. मग ते थांबलं आणि बराच वेळ पुन्हा सुरू झालं नाही.

तेव्हा मी आमेन म्हणालो.

जमलं तर मार्चमध्ये ये. बाकावर गादी घालून ठेवतो. तुझा लोभ मला लागणार आहे.

तुझा भाऊ