आपल्या की आमच्या

ता. ४ मार्च

ती. अक्कास,
धाकट्याचा सप्रेम सलाम, वि. वि. इकडे सर्व ठीक, गुडघे सोडून. तुझ्या मोतीबिंदूचं काय ठरलं ते कळव.

लढाईत गेलेल्या आपल्या मंडळीतल्या जवानांच्या नावांची पाटी पुढच्या महिन्यात चर्चमध्ये बसतेय. त्या रविवारी देशासाठी प्रार्थना मी म्हणावी, असं पाळकसाहेब म्हणतात. फौजेतून परतलेला मी एकटाच; बाकीचे पाटीवर. सोबत प्रार्थना लिहून पाठवतोय. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यास, ही एक तपास.

लोभ ठेव, लाल पेन्सिल आवर.
तुझा धाकटा

ता. ११ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. डोळ्याचं पुढच्या महिन्यावर गेलं. भिंगाने वाचते, म्हणून उशीर.

ऱ्हस्व-दीर्घाचा तू लहानपणापासून वैरी, ते सोडून देते. पण एक चूक अकरा वेळा केली आहेस. ‘प्रभू, आपल्या देशाला यश दे, आपल्या शत्रूंना नमव.’ अरे, आपल्या म्हणजे बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही. इथे ऐकणारा देव. त्याला तू सरळ पलटणीत भरती करून टाकलंस! प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत बापाला हाक मारताना ‘आमच्या’च म्हणतो ना आपण? देश आमचा, अगदी जिवाभावाचा. पण देवाला सरहद्दीच्या नदीपलीकडेही लेकरं आहेत.

आणि अकराच्या अकरा वाक्यं मागण्याची. आमचं काही चुकलं, असं एकही नाही.

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.
तुझी अक्का

ता. १८ मार्च

ती. अक्कास,
सलाम. रागावलो तर होतोच. घरी बसून लाल रेघा मारणं सोपं असतं. पाटीवरचं तिसरं नाव शिंपीणकाकूंच्या मुलाचं आहे. मी चालवायचो त्या फौजेच्या गाडीत तो माझ्या शेजारी बसायचा. तुझं पत्र फाडायला घेतलं होतं.

फाडलं नाही. जे कधी बोललो नाही ते आता लिहितो. नदीपलीकडच्या एका गावात मी गाडीतून रॉकेलचे डबे नेले. स्वयंपाकाला असतील, अशी मनाची समजूत घातली. दुपारी गाव पेटलं. आमच्या लोकांनी पेटवलं. घरांत माणसं होती. माझं पदक त्याच मोहिमेचं. ते बघायला तू शाळेतून रजा काढून आली होतीस.

अजूनही झेंडा वर जाताना मी या गुडघ्यांवर ताठ उभा राहतो, अक्का. हे बोललो तर मी देशाचा कोण उरतो? फार थकलोय.
तुझा धाकटा

ता. २५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. तुझं पत्र वाचून रडले. त्या माणसांसाठी, आणि तुझ्यासाठीही.

शिंपीणकाकूंची काच तू चेंडूने फोडलीस ते आठवतं? आईने तुला कानाला धरून त्यांच्या दारात नेलं होतं. फोडलीस तू एकट्याने. पण आमच्याकडून चूक झाली, असं आई म्हणाली. ती तुझी वैरीण होती का? घरी आल्यावर तुला तिनेच जेवू घातलं.

बोल, असं मी सांगणार नाही. सोसायचं तुला आहे. प्रार्थना परत पाठवते. शेवटची एक ओळ कोरी ठेवली आहे.

तू आहेस तसा माझाच.
तुझी अक्का

ता. ८ एप्रिल

ती. अक्कास,
सलाम. रविवार झाला. कोऱ्या ओळीवर मी ‘आमच्या हातून’ एवढंच लिहू शकलो होतो. पुढचं तोंडानेच सांगितलं: ते गाव, माझी गाडी, डबे, आतली माणसं. मंडळीच्या पंचांपैकी दोघे उठून गेले. आमेन मी एकट्यानेच म्हटलं.

दाराशी शिंपीणकाकूंनी अडवलं. त्या दिवशी आमचा मुलगा गाडीत होता का, असं विचारलं. नव्हता, हे अगदी ओठांवर आलं होतं. होता म्हणालो. काकूंनी वळून पाटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता थोबाडीत देतील. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, की तू जे ‘आमच्या’ म्हणालास, त्यात त्यालाही धर. त्याला एकट्याला बाहेर ठेवू नकोस.

पुढच्या रविवारी पुन्हा म्हणणार आहे. काकू शेजारी उभी राहते म्हणाल्या.

लोभ असू दे. आमच्यावर.
तुझा धाकटा