खोबरेलातला काळोख

सर, तुमची मुलगी चित्र मागतेय. रविवारी बोटीने मांडव्याला उतरून इकडे येणार आहे. फोनवर म्हणाली, "मावशी, बाबांच्या पडवीत तुम्ही काढलेलं ते काळोखातलं चित्र तुमच्याकडे आहे ना? मला हवंय. काच लावून घेते." मी हो म्हणून बसले. तेव्हापासून डोक्याला घोर. दिवसभर पर्यटकांच्या भाकऱ्या थापून खांदे भरून आलेत आणि त्यात हे लिहायला बसलेय. माझं शिकणं चौथीपर्यंतचं. चुका काढू नका.

तुमच्याकडे स्वयंपाकाला होते तेव्हा पडवीच्या भिंतीवर ते छापील चित्र होतं, कुठल्या तरी परदेशातलं. काळोखी खोली, एकच मेणबत्ती, पाठ करून बसलेली म्हातारी आणि सुपात काहीतरी निवडणारी बाई. केर काढता काढता मी बोलून गेले, "हिचा अंगठा खोटा हाय. निवडताना अंगठा असा न्हाय राहत." चाळीस वर्षं पोरांना ड्रॉइंग शिकवलेले तुम्ही, हसला नाहीत. म्हणालात, "आधी आहे तसं उतरव. चूक काढायचा हक्क मग." आणि मला कॅनव्हाससमोर बसवलंत.

मी काळी ट्यूब उघडते. तुम्ही ती हातातून काढून घेता. "ही तव्याला फास. काळोख विकत मिळत नाही, बनवावा लागतो." तपकिरीत निळा, वर कणभर लाल. "काळं ते काळं सर, त्यात बघायचं काय?" तुम्ही म्हणता, "डोळे बारीक कर. म्हातारीची पाठ कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते?" मी बघते. "संपतच न्हाय." "मग तशीच काढ." ज्योतीचा ठिपका तेवढा तुम्ही स्वतः ठेवलात, सगळ्यात आधी. बाकीचा उजेड हिच्यापेक्षा कमीच पाहिजे म्हणून बजावलंत. एकेक थर सुकायची आठ-आठ दिवस वाट बघायची, ते माझ्याने व्हायचं नाही. डाळ शिजत असली तरी मी चारदा झाकण काढून बघणारी.

मग तुम्ही खाटेला लागलात आणि रंगात घालायचं जवसाचं तेल संपलं. ते अलिबागवरून यायचं. मला म्हातारीची पाठ उरकायची होती. स्वयंपाकघरात तुमच्याच वाडीतल्या नारळांचं खोबरेल होतं. तेल ते तेल, म्हटलं आणि रंगात ओतलं. काय सरकला रंग! दोन दुपारींत सगळा काळोख पुरा.

"सुकलं का गं?" तुम्ही खाटेवरून विचारलंत. "सुकलं की वार्निश मीच देणार."

"सुकतंय, सर."

पंधरा दिवसांनी परत तेच. "हवा दमट हाय," मी म्हटलं. खोबरेल सुकत नाही हे तोवर माझ्या बोटाला कळलं होतं. खरवडून परत कर म्हणाला असतात, म्हणून बोलले नाही. तुम्ही गेलात. वार्निशची बाटली उघडलीच नाही.

घर बंद झालं तेव्हा चित्र मी उचलून आणलं. तुमची ज्योत खणखणीत सुकलीय. म्हातारीची पाठ अजून चिकट आहे, तिच्यावर कचरा बसलाय, एक मुंगी कायमची रुतलीय. थंडीत जरा घट्ट होतं, वाटतं सुकलं, उन्हाळा आला की परत तेच. काच लावली तर सगळा काळोख काचेला चिकटणार.

म्हणून आज तुमच्या मुलीला फोन लावला. सगळं सांगायचं ठरवून लावला, आणि तोंडातून निघालं काय, "काच नका लावू ताई, अजून सुकतंय."

ती हसतच सुटली. "मावशी, बाबांना वास यायचा हो. मला म्हणायचे, बाईने खोबरेल घातलंय आणि हवेला दोष देतेय. बघू किती दिवस तग धरते."

म्हणजे माहीत असून विचारत होतात. दर वेळी. मी मात्र हवेवर ढकलून तुमच्यापुढे पेज ठेवायची आणि निघायची.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, तेव्हा लिहून टाकते. खोबरेल घातलं होतं, सर. आणि काल तांदूळ निवडताना नीट बघितलं. चित्रातल्या त्या बाईचा अंगठा बरोबर होता.