पालघरची बैठक का मोडली

ती. दाजींच्या पायांवर बोईसरहून नागोरावाचं डोकं. तुमचा गुडघा कसा आहे? अक्काचा राग कसा आहे? (गुडघ्यापेक्षा तोच जास्त छळतो, हे मी लहानपणापासून जाणतो.) आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत. माझी अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

आपल्या स्वराची बॉक्सिंगची लढत पालघरच्या स्नेहाशी ठरत होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोघी जिल्ह्यात कुणाकडून हरलेल्या नाहीत आणि एकमेकींसमोर कधी आलेल्या नाहीत. बोईसरच्या नाक्यावर 'महामुकाबला' म्हणून फ्लेक्ससुद्धा लागला. (त्यावर स्वरापेक्षा माझा फोटो मोठा आहे. छापणाऱ्याने विचारलंही, "अंकल, फाइट आपकी है क्या?") माझी पोरगी वर्षभर पहाटे उठून धावली. बोलणी करायचं मात्र मी आपणहून अंगावर घेतलं. कंपनीतल्या निम्म्या पोरांची लग्नं मीच जमवलेली. म्हटलं, दोन माणसं समोरासमोर उभी करायची, त्यात वेगळं काय असणार?

शुक्रवारी कंपनीला सुट्टी असते, तेव्हा स्वराला आणि चार वडीलधाऱ्यांना घेऊन पालघरला गेलो. स्नेहाचे मामा धर्माजी हेच तिचे कोच. त्यांच्या ओटीवर सतरंजी अंथरली, दोन्ही मुलींना रीतीप्रमाणे आत बसवलं, आणि मी सवयीने पहिलाच प्रश्न टाकला, की मुलाकडचे कोण? दोन्हीकडे मुलीच, पण वरपक्षाचा मान सोडायला कुणी तयार होईना. लढत कुणाच्या दारात, जेवण कुणाकडे, रिंगणात आधी कोण शिरणार, यात दुपार गेली. मी उंची आणि वजन विचारलं ते योग्यच होतं. गोत्र विचारायला नको होतं.

तरी कसंबसं जमलं. शेवट गोड व्हावा म्हणून मी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली आणि टॉवेल धर्माजींच्या हातात ठेवला. ते ताडकन उठले.

"सामन्याच्या आधीच टॉवेल? आमची पोर हारलेली हाय काय? नाय लढायचं आमाला!"

कोचने रिंगणात टॉवेल टाकला की हार कबूल, हे मला कोण सांगणार? (स्वराने सांगितलं असतं. ती आत पोहे खात होती.) आमच्याकडे हा मान असतो, असं समजावत मी टोपीही पुढे केली. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. बैठक मोडली. फ्लेक्सवरची तारीख काल उलटली.

दाजी, तुमच्यापासून काय लपवू, परतताना मला बरंच वाटत होतं. पोरीचं नाक वाचलं! मग घरी आल्यावर तिने हाताला गुंडाळायच्या पट्ट्या घडी करून कपाटात ठेवल्या. ती भांडली असती तर सोसलं असतं. फार वाईट वाटलं मला.

तुमचा,
नागोराव

ता. क. : परभणीचं जे स्थळ घेऊन तुम्ही निघणार आहात, ते थांबवा. पत्र त्यासाठीच लिहिलं. लढत झाल्याशिवाय स्वरा कुणाला दाखवून घेणार नाही म्हणते, आणि माझंही तेच मत आहे. अक्काला मात्र ते मत तुमचं आहे असं सांगा.

आणखी ता. क. : माफी मागायला पुन्हा पालघरला जातोय. या खेपेला बैठकीत त्या दोघीच बसणार आहेत. मला आत बसवणार आहेत.