माझे आजोबा, मोत्यांचे व्यापारी

३ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. बंदर कचेरीत एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाच्या नोंदी केल्या, आता स्वतःच्या करायच्या.
कारणही तसंच आहे. कालच्या पेपरात वारसा कार्यालयाचं निवेदन आलंय. आमच्या मुहर्रक शहरातल्या जुन्या बाजारामागच्या निळ्या दाराच्या हवेलीची दुरुस्ती झाली, पण मूळ मालक कोण ते कुठल्याच कागदात सापडत नाही. माहिती असेल त्यांनी पुराव्यासह कळवावं. दारावर पितळी फलक लागेल. अनावरणाच्या दिवशी त्या घराण्यातला माणूस पाहुण्यांना जुना बाजार फिरवून दाखवेल.
अरे, कळवायचं काय? आमचीच हवेली ती! माझे वडील तिथेच जन्मले. लहानपणी त्यांनी मला बाहेरून दाखवली होती. म्हणजे आजोबा, खलफ, मोत्यांचे व्यापारी असणार. वडील स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत, पण मोठ्या घरची माणसं बढाया मारत नाहीत.
उम्म नासरला म्हणजे बायकोला हे सांगायला घेतलं. तिला गहवा, आपली वेलचीची कॉफी, ओतत होतो. आमच्याकडे गहवा मीच ओततो. दल्ला म्हणजे गहव्याची किटली डाव्या हातात, फिंजान म्हणजे बिनकानाचे छोटे कप उजव्या हातात, आणि ओतण्याआधी फिंजानांची दोनदा किणकिण. वडिलांची पद्धत. खानदानी हात लपत नाही. आजोबांपर्यंत पोचलो तोच तिने रिकामा फिंजान हलवून परत दिला. फिंजान हलवला म्हणजे पुरे. चाळीस वर्षं झाली, बाई एका फिंजानाच्या पुढे गेलेली नाही. तब्येतीला जपते.

७ जानेवारी, सोमवार
अर्ज दिला. कार्यालयातल्या लुलवाचा फोन आला. तरुण पोरगी, पण वळण चांगलं, मला काका म्हणाली. एक वस्तू, एक फोटो आणि एक जिवंत साक्षीदार हवा म्हणे. म्हटलं, बेटा, एकच का, दहा आणतो.
संकल्प: (१) रोज पहाटे चालणं. (२) गोड बंद. (३) बाजाराचा दौरा तोंडपाठ. सत्तावीस ठिकाणं, दोन तास. तक्ता तयार केलाय, चार रंगांत.

१० जानेवारी, गुरुवार
पाहणी दौरा. साडेआठला सुरू केला.
पहिलंच दुकान दोरखंडवाल्याचं. आत बोलावलं. नाही म्हणणं म्हणजे त्याच्या बापाचा अपमान. गहवा, खजूर. दुसरा मसालेवाला. पहिल्याकडे बसलेलं त्याने पाहिलं होतं, मग आमचं काय घोडं मारलंय म्हणाला. गहवा, हलवा. तिसरा हलवेवालाच. पुढे बोलायलाच नको.
दुपारची अजान झाली तेव्हा तिसऱ्या ठिकाणीच होतो. तक्त्यात बारीकसा बदल: सत्तावीसऐवजी नऊ ठिकाणं. दर्जा महत्त्वाचा.
संकल्प क्र. २ शनिवारपासून. उद्या शुक्रवार, व्याही जेवायला येतायत.

११ जानेवारी, शुक्रवार
व्याही आले. बू ग़ानिम, आमच्या लेकीचे, मौज़ाचे सासरे. त्यांचे आजोबा खरोखरचे तव्वाश, म्हणजे समुद्रात होडीहोडीशी जाऊन मोती विकत घेणारे व्यापारी. घरात अजून तराजू, चाळण्या आणि मोती बांधायचं लाल कापड आहे. हे मला माहीत आहे, कारण गेली सहा वर्षं दर शुक्रवारी ते मला सांगतात. मोत्याचं सोडा, हा गृहस्थ मछबूसमधला भातसुद्धा चाळणीतून काढल्यासारखा निवडून खातो.
मौज़ाच्या लग्नात मी बोललो होतो की आमचे आजोबाही तव्वाश. त्यावर ते "असं का?" एवढंच म्हणाले होते. तो "असं का" सहा वर्षं माझ्या घशात अडकलाय. फलकावर आजोबांचं नाव लागलं की निघेल. बाकी मला कशाची हाव नाही.
आज मी सहज अनावरणाचं आमंत्रण देऊन टाकलं. अजून ठरलं कुठे आहे, असं उम्म नासर सर्वांदेखत म्हणाली. बायकांना दूरदृष्टी नसते.
गहवा मीच ओतला. बू ग़ानिमनी तीन फिंजान घेतले. कौतुक मात्र खजुराचं केलं.

१५ जानेवारी, मंगळवार
दुसरा पाहणी दौरा. दुकानदार टाळायला मागच्या गल्लीने गेलो. या गल्ल्या मला तळहातासारख्या पाठ आहेत.
वाट चुकलो नाही. एकाच मशिदीपाशी चार वेळा पोचलो, त्याला सखोल अभ्यास म्हणतात. पाचव्या वेळी जेवणाचे डबे पोचवणाऱ्या एका मलबारी माणसाने हात धरून मोटारीपर्यंत आणून सोडलं. त्याला इथे येऊन आठ महिने झालेत. मी त्याची परीक्षा घेत होतो, पास झाला.
नऊ ठिकाणंही जास्त होतात. पाच.

२० जानेवारी, रविवार
सुवर्णाक्षरांनी लिहावा असा दिवस! वडिलांची सागवानी पेटी माळ्यावरून उतरवली. (कंबर धरली.) आत लांब चोचीचा जुना दल्ला, अकरा फिंजान आणि एक फोटो! निळ्या दारासमोर दहाबारा माणसं. मध्ये खुर्चीवर एक जाडा गृहस्थ. कडेला आजोबा उभे, हातात दल्ला. मागे वडिलांच्या अक्षरात आजोबांचं नाव आणि त्यापुढे "हवेलीत".
उम्म नासरने चश्मा लावून पाहिलं आणि विचारलं, मालक तुझे आजोबा तर खुर्चीवर दुसराच कोण बसलाय? मी म्हटलं, तो पाहुणा. आपल्याकडे पाहुणा बसतो आणि यजमान उभा राहतो. मग म्हणाली, आणि दल्ला? मी म्हटलं, केवढा साधेपणा बघ! एवढा व्यापारी, पण गहवा स्वतःच्या हाताने.
तिने चश्मा काढून पुसला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. भारावली असावी.

२१ जानेवारी, सोमवार
वस्तू म्हणून नुसता दल्ला पुरेसा वाटेना. तव्वाश म्हटल्यावर लाल कापड हवं. आजोबांकडे होतंच, फक्त सापडत नाही. म्हणून त्याची पुनर्रचना केली. कपाटात एक लाल कापड पडून होतं, त्याचा चौकोन कापला, चहाच्या पाण्यात बुडवला आणि गच्चीवर वाळत घातला. शंभर वर्षं जुनं दिसतं. ही लबाडी नाही. वारसा कार्यालयानेही हवेलीला नवा गिलावा दिलाच की.

२६ जानेवारी, शनिवार
उम्म नासर सकाळपासून लाल टेबलक्लॉथ शोधतेय. मी मूग गिळून गप्प.
संकल्प क्र. १ आणि २ रमझाननंतर.

४ फेब्रुवारी, सोमवार
साक्षीदार मिळाला. हाजी मक्की, वय एक्याण्णव. निळ्या दारासमोरच त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं, आता मुलगा चालवतो. डोळे पूर्ण गेलेत. आदर्श साक्षीदार! फोटो बघून घोळ घालायची भीतीच नाही.
तासभर समजावलं: हाजी, हवेली खलफची, खलफ मोत्यांचे व्यापारी. म्हातारा मान डोलवत होता. नंतर कळलं, झोपला होता. मुलगा म्हणाला, काळजी करू नका, गहव्याचा वास आला की बाबांना सगळं आठवतं.
आज तिथे कागदी कपातला चहा होता. साक्षीच्या दिवशी गहवा ठेवलाच पाहिजे. बरं झालं कळलं.

१८ फेब्रुवारी, सोमवार
उद्या वारसा कार्यालयाची समिती पुरावे तपासायला हवेलीत येणार. बू ग़ानिमना पुन्हा फोनवर आठवण करून दिली. म्हणाले, आलो म्हणून समजा, तुझ्या आजोबांना भेटायची फार दिवसांची इच्छा आहे. टोमणा होता. उद्या कळेल.
दौरा तीन ठिकाणांचा ठेवलाय. तीन पाठ आहेत, त्यातल्या दोन ठिकाणी हलवा मिळतो.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
लिहायचं नव्हतं. पण रोज लिहायचं ठरवलंय. (मधले दिवस सोडले तर.)
हवेलीचा चौक. लुलवा, समितीचे दोघे, बू ग़ानिम, मौज़ा, उम्म नासर. हाजी मक्कींना मुलाने आतल्या खोलीत गादीवर बसवलं होतं. टेबलावर मी पुरावे मांडले. लुलवाने लाल कापड अलगद उचललं आणि विचारलं, काका, मोत्यांच्या कापडाला बदामाची नक्षी? तेवढ्यात उम्म नासर उभी राहिली आणि म्हणाली, "हा माझा टेबलक्लॉथ! आणि मी शेजारणीवर संशय घेत बसले!"
बू ग़ानिम छताकडे बघू लागले. चौकाला छत नाही.
तरी मी खचलो नाही. म्हटलं, खरा पुरावा म्हणजे साक्षीदार. आधी सगळ्यांना गहवा द्या. कार्यालयाने गहवा द्यायला एका हॉटेलचा वेटर आणला होता. त्याने दल्ला धरला उजव्या हातात! फिंजान काठोकाठ भरला! काठोकाठ भरलेला फिंजान म्हणजे पाहुण्याला पिऊन चालता हो म्हणणं. मला बघवेना. पेटीतला आजोबांचा दल्ला घेतला, त्यात गहवा भरला आणि म्हटलं, सरक बाजूला. डाव्या हातात दल्ला, उजव्या हातात फिंजान. दोनदा किणकिण.
आतून हाजी मक्कींचा आवाज आला. केवढा मोठा आवाज! "खलफ! आलास का रे? किती उशीर केलास!"
सगळे आत धावले. मीही गेलो. म्हाताऱ्याने हात पुढे केला होता. मी फिंजान दिला. वास घेतला, प्यायला आणि बोलायला लागला. थांबेचना. हवेली जुमा बिन सय्यारची. मोठा तव्वाश, मूलबाळ नव्हतं. खलफ त्याचा गहवाजी, म्हणजे गहवा ओतणारा नोकर. मागच्या खोलीत बायकोमुलांसह राहायचा. भाव ठरताना दिवाणखान्यात कुणी बोलायचं नाही, कापडाखाली बोटांनी सौदा व्हायचा. आवाज फक्त खलफच्या फिंजानांचा, दोनदा. तो समोरच्या दुकानात हाजींच्या वडिलांना ऐकू यायचा, मग ते म्हणायचे, सौदा झाला बघ. शेठ मोती विकायला मुंबईला जायचा तेव्हा खलफला बरोबर न्यायचा. म्हणायचा, दुसऱ्याच्या हातचा गहवा पिऊन मला भाव सुचत नाहीत.
मग हाजी म्हणाले, "खलफ, तुझ्यासारखा हात अख्ख्या मुहर्रकमध्ये नाही रे," आणि रडायला लागले.
लुलवा भराभर टिपून घेत होती. मी दल्ला धरून उभा. फोटोत आजोबा उभे आहेत अगदी तसाच, कडेला. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.
लाज वाटली. माझ्याशिवाय हे कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहितो, फार लाज वाटली. आजोबांची नाही. त्या चौकोनी कापडाची. वडील का बोलत नव्हते तेही कळलं. त्यांनी हवेली बाहेरून दाखवली, कारण आत त्यांचं काहीच नव्हतं.
बू ग़ानिमच्या टोमण्याची वाट बघत होतो. आला. "आता कळलं, मौज़ाच्या लग्नात तू वधूचा बाप असून सगळ्यांना गहवा का वाढत होतास!" एवढे हसले की डोक्यावरच्या रुमालाचा काळा गोफ, इगाल, सरकला. मग फिंजान पुढे केला. भरला. पुन्हा पुढे केला. भरला. चौथ्यांदाही. म्हणाले, "आमच्या आजोबांनी या हवेलीत बसून पुष्कळ सौदे केले म्हणतात. म्हणजे गहवा तुझ्या आजोबांच्या हातचा प्यायले असणार. फिंजान हलवला नसेल त्यांनीही." आणि म्हणाले की दर शुक्रवारी आम्ही काय तुझ्या भातासाठी येतो का?
सहा वर्षांत हे एकदा बोलले असते तर काय बिघडलं असतं!

२८ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ५.३०
अनावरण झालं. फलकावर जुमा बिन सय्यार. खाली बारीक अक्षरांत, वाचायचं तर वाकावं लागतं: "या घराचा गहवाजी, खलफ." मी दोनदा वाकलो. कंबर पुन्हा धरली.
बाजार त्या डबे पोचवणाऱ्या मलबारी माणसाने फिरवून दाखवला. लुलवाने त्याला शोधून काढला. सत्तावीस ठिकाणं, दोन तास. चालताचालता सलाम करतो, बसत नाही. परका आहे, त्याला चालतं.
माझी नेमणूक दर गुरुवारी, हवेलीच्या दिवाणखान्यात. लुलवा म्हणाली, काका, तुम्ही गहवा द्याल का? मी तिला स्पष्ट केलं की मी आतिथ्य विभागाचा प्रमुख म्हणून येईन. ती हो म्हणाली. विभागात मी एकटाच आहे.
घरी आल्यावर उम्म नासरला गहवा ओतला. दोनदा किणकिण. काही बोललो नाही, बोलण्यासारखं राहिलंच नव्हतं. ती प्यायली आणि फिंजान पुढे केला. मला वाटलं चुकून. ओतला. पुन्हा पुढे केला. तीन झाले, चार झाले. शेवटी न राहवून विचारलं, अगं, चाळीस वर्षं एकाच फिंजानावर का थांबत होतीस? तब्येत?
म्हणाली, "कसली तब्येत! दुसऱ्या फिंजानाबरोबर तुझे आजोबा यायचे."
आणि पाचवा पुढे केला.