वाणाच्या अकरा डब्या

मंगळ. ४ फेब्रु.
रथसप्तमी. म्हणजे आईचं हळदीकुंकू, संक्रांतीपासून शेवटचं. मी घरी पोचले तेव्हा बायका चपला शोधत होत्या. नल्लकुंट्याच्या आमच्या दोन खोल्यांत एवढ्या बायका मावतात कशा, देव जाणे. मला बघून दोघीतिघी एकदम गप्प झाल्या. मी काय वाघ आहे?

आई मात्र मजेत. गुडघे धरून बसणारी आई आता दोन जिने न थांबता चढते. तोंडावर तेज आलंय, गाल भरलेत. म्हटलं, "मानवलं गं तुला हे वर्ष." तर पदरानं तोंड पुसत आत गेली.

वॉर्डात आज एक मराठी बाई आल्या, बेड १४. विमलकाकू, वय ६१, सुलतान बाजारात साड्यांचं दुकान. दोन दिवस जुलाब, अशक्तपणा. सलाइन लावलं. मराठी ऐकून मला बरं वाटलं, पण काकू माझ्याकडे बघेचनात. कुठली औषधं चालू आहेत? "काई नाही." नक्की? "काई नाही, बाई." त्याआधीच बेड १३ च्या आजोबांना मी भर वॉर्डात झापलं होतं. कुठलासा काढा पिऊन किडनी घालवून बसलेत. झापलं ते बरंच केलं. ऐकू दे सगळ्यांना.

बुध. ५
काकूंचे जुलाब थांबले. मग बऱ्या व्हायला हव्यात की नाही? उलट्या सुरू. पोट दुखतंय. बी.पी. ९० वर. रक्तात सोडियम घसरून १२१. ताप थोडा. कुठेतरी इन्फेक्शन लपलंय असं धरून अँटिबायोटिक सुरू केलं.

हातावर निळे डाग, रुपयाएवढे. विचारलं तर म्हणाल्या, बांगडी लागली. चेहरा गोल, गुलाबी, सुखवस्तू. मुलगा गिरीश चोवीस तास बाहेरच्या बाकावर. "मॅडम, आईला लय घबराहट होऊन राहिली." म्हटलं, होईल बरं, पर्वालेदु. धीर द्यायला तेलुगू का आठवलं काय की.

सारखं वाटतंय काहीतरी समोर आहे आणि मला दिसत नाही. जेवण गेलं नाही.

गुरु. ६
सकाळी राउंडला बेड १४ जवळ पोचले तर काकू हाकेला ओ देईनात. बी.पी. ७०. शुगर ४८. हात बर्फ. ग्लुकोज दिलं, आय.सी.यू.त हलवलं, सलाइनवर सलाइन. नंतर बी.पी. चढवायचं औषध. चढतं, परत पडतं. कल्चर कोरे. पोटाचं स्कॅन कोरं. छाती साफ.

मोठे सर बराच वेळ पायथ्याशी उभे होते. म्हणाले, "डॉक्टर, कुछ तो छूट रहा है अपने से." ते 'अपने से' म्हणाले हा त्यांचा चांगुलपणा. सुटतंय ते माझ्या हातून.

गिरीश कॉरिडॉरमध्ये आडवा आला. आवाज चढवला नाही, भांडला नाही. एवढंच, "मॅडम, जुलाबच होते ना?"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. बारा वर्षं झाली या धंद्यात, माणसं गेलेली बघितली आहेत. पण का जाताहेत तेच कळत नाही अशी भीती वेगळी. आणि तरी सगळ्यांशी शहाण्यासारखं बोलायचं.

संध्याकाळी आई वालाच्या शेंगा सोलत होती. मी पेशंटची नावं घरी सांगत नाही. आज सांगितलं. आपल्यातल्याच एक बाई आहेत, सुलतान बाजारच्या विमलबाई, बहुतेक जातील. आईचा हात शेंगेवरच थांबला.
"विमल? साड्यांच्या दुकानवाली?"
"ओळखतेस?"
"भजनाला येते." शेंग टोपलीत परत टाकली. मग, "मीनू, अगं…"
"काय?"
"काई नाही."
काही नाही तर मला झोपू दे, असं म्हणाले. ओरडूनच म्हणाले.

शुक्र. ७
सकाळी डब्याशेजारी एक दुसरी डबी. स्टीलची, चिमुकली, झाकणावर कुंकवाचं बोट. आई ओट्याला टेकून उभी. म्हणाली, "आधी शप्पथ घे, ओरडणार नाहीस."

आत तपकिरी पूड. सुंठ-ओव्याचा वास. आबिड्समागच्या गल्लीतल्या एका जडीबुटीवाल्याकडची, गुडघ्यांसाठी. आई दीड वर्ष घेतेय, रोज सकाळी चिमूटभर मधातून. आणि इतकी गुणाची वाटली, की गेल्या वर्षीच्या संक्रांतीला बाईसाहेबांनी तेच वाण लुटलं. प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या कोण देतं आता, खरं उपयोगाचं द्यावं! अकरा बायकांना अकरा डब्या. संपली की आईच आणून भरून देते. विमलकाकू त्यातल्या एक. वर्षभर एक दिवस चुकवला नाही. जुलाब लागले तशी सुटली, आणि इथे तर सलाइनच लावलं.

मी ओरडले नाही. गोल चेहरा. निळे डाग. बी.पी. पडणं, शुगर पडणं, सोडियम. पहिल्या वर्षाच्या पोराला सांगता येईल. त्या पुडीत स्टेरॉइड कालवलेलं आहे. वर्षभर बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं, आणि मग एकदम बंद झालं की हे असं होतं.

बर्कतपुऱ्याच्या सिग्नलला ऑटोतूनच आय.सी.यू.ला फोन, तेच स्टेरॉइड शिरेतून द्यायला. कॉर्टिसोलचं रक्त काढा, रिपोर्टची वाट बघू नका, हायड्रोकॉर्टिसोन शंभर, आत्ता, आत्ता! ऑटोवाला मागे वळून बघत होता.

दुपारी तीनला बी.पी. १०४. पाचला बी.पी. चढवायचं औषध निम्म्यावर आलं. काकूंनी डोळे उघडले आणि चहा मागितला. सिस्टर हसली. मला हसू येईना, मी परत बी.पी. मोजलं.

मग लिफ्टमध्ये एकदम आठवलं. आईचे भरलेले गाल.

घरी धावत. "आज पूड घेतलीस?"
"नाही बाई. कालच फेकली माझी. तू विमलचं सांगितलंस ना, माझं काळीज उडालं. ही तुला दाखवायला नवी भरलेली ठेवली होती."
म्हणजे काल सकाळनंतर नाही. बसवलं. बी.पी. १००. हातपाय गळाल्यासारखे वाटतात म्हणाली, सकाळी एक उलटी झाली, सांगितली नाही. माझ्या हातानं स्टेरॉइडची गोळी तिच्या तोंडात घातली, पाणी पाजलं, आणि तोंड उघडून दाखव म्हटलं. लहान पोरासारखं तिनं दाखवलं.

शनि. ८
आई बरी. नाश्त्याला उपमा खाल्ला, कमी मीठ म्हणून नावं ठेवली. देवा, ठेवू दे.

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. आज बघितलं माझ्याकडे. मी खुर्ची ओढून विचारलं, काकू, मी दोनदा विचारलं होतं, का नाही सांगितलं?
"तुमच्या आईनीच सांगितलं होतं. सगळ्यांलाच. डॉक्टरीणबाईला बोलू नका, ती लय ओरडती. मी तर बघितलं ना, त्या म्हाताऱ्याला तुम्ही कसं बोलल्या." मग घाबरून, "बाई, आईवर रागावू नका."

रागावू कुणावर? दोन वर्षांपूर्वी आईनं कुठलंसं तेल आणलं होतं. मी ती बाटली तिच्यासमोर बेसिनमध्ये ओतली आणि तासभर भाषण दिलं. त्यानंतर तिनं मला काही दाखवलं नाही. वाटलं सुधारली. ती लपवायला शिकली, आणि अकराजणींना शिकवलं. बाई मरायला टेकली ती माझ्या तोंडाच्या भीतीनं. रथसप्तमीला बायका गप्प का झाल्या ते आता कळलं.

सर म्हणाले, कुठून आलं ते केसपेपरवर लिहा. "देशी पूड, एक वर्ष" एवढं लिहिलं. कुणाच्या हातून, ते नाही लिहिलं. पेन उचललं, ठेवलं.

बेड १३ च्या आजोबांजवळ दहा मिनिटं बसले. माफी नीट मागता आली नाही. त्यांनी मला संत्र्याची फोड दिली.

रवि. ९
खरी भीती आज कळली. भजनात बातमी पसरली की विमलबाईला पुडीनं मारलं होतं. आता प्रत्येक जण डबी उकिरड्यावर फेकणार, एकदम. आणि मग दहा ठिकाणी तेच.

माझा फोन कुणी ऐकला नसता. आईनं वही काढली, चष्मा लावला आणि एकेकीला लावत गेली. "हे बघ, ते विष आहे, पण आजच्या आज सोडायचं नाही. हौ, बरोबर ऐकलंस. मंगळवारी डबी घेऊन ये. मीनू तपासती. नाही गं, ओरडत नाही. मी आहे ना." प्रत्येकीला हेच सांगावं लागलं, ओरडत नाही म्हणून. मी शेजारी मान खाली घालून.

पुष्पामावशीनं परवाच गटारात ओतलेली. चक्कर येतेय, उन्हाचं असेल म्हणाली. गाडी करून आणलं, ॲडमिट केलं. वेळेत. तिचं निभावेल.

नऊजणी लागल्या. सुशीलामावशीचा फोन बंद.

सोम. १०
सुशीलामावशीचा फोन बंद. आईची सगळ्यात जुनी मैत्रीण. एकटीच राहते, विद्यानगरला. शेजारीण म्हणाली, लग्नाला गेल्या, उदगीरच्या पुढं कुठंतरी, भाच्याकडे. गुरुवारी गेल्या. भाच्याचं नाव शेजारणीला माहीत नाही, नंबर नाही. आईला घर माहीत आहे, पाराजवळचं, पण भाच्याला सगळे पप्पू म्हणतात. पप्पू! अख्ख्या मराठवाड्यात पप्पू किती असतील?

आई म्हणते, डबी घेऊनच गेली असेल, कुठं जाताना विसरायची नाही. मीही तेच घोकतेय. ओ.पी.डी.त एका पेशंटला तीनदा तोच प्रश्न विचारला.

सरांना आज सांगितलं. माझ्या आईनं वाटल्या, सर. ते पेन फिरवत राहिले. म्हणाले, लिहा मग. लिहिलं. अक्षर माझं वाटत नाही.

मंगळ. ११
रजा काढली. सकाळपासून घरी बायका. हळदीकुंकवासारख्याच, पण मुकाट. एकेक जण ओट्यावर डबी ठेवायची आणि माझ्यासमोर हात पुढे करायची. मी बी.पी. बघून, गोळी कशी कमी करत न्यायची ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देत होते. काकूंची डबी गिरीशनं आणून दिली. काकू गुरुवारपर्यंत घरी जातील. जाताना म्हणाला, "मॅडम, आई म्हणती तुमच्या आईला नमस्कार सांगा." आई आत जाऊन रडली.

पुष्पामावशीच्या सुनेनं रिकामी, धुतलेली डबी आणली. ओट्यावर दहा.

बाराला विद्यानगरच्या शेजारणीचा फोन. तिच्याकडे घराची किल्ली असते, झाडांना पाणी घालायला. आईनं तिला म्हटलं, देवाजवळ बघा जरा, स्टीलची डबी आहे का. आम्ही दोघी फोनला कान लावून. आत जाण्याचा आवाज, दिव्याचं बटण. मग ती म्हणाली,
"हौ, आहे की. मधाच्या बाटलीशेजारी. भरलेली आहे."

पाच दिवस झाले तिला जाऊन.

गाडी सांगितली आहे, दहा मिनिटांत येते म्हणाला. पिशवीत हायड्रोकॉर्टिसोनच्या चार बाटल्या, सिरिंजा, सलाइन, ग्लुकोज, साखरेचा डबा. आईला म्हटलं तू नको, तुझीच तब्येत नाजूक. म्हणाली, घर तुला सापडणार नाही, आणि तुला बघून ती खरं सांगणार नाही. शाल घेऊन खाली जाऊन उभी राहिलीये.

फोन अजून बंदच लागतोय.