फांदीवाले तिघं

४ नोव्हेंबर, भूम
आज अकरावीला अमिनो आम्लं शिकवली. फळ्यावर नेहमीचंच. कार्बनचे चार हात. एका हाताला अमिनो, एकाला आम्ल, एकाला हायड्रोजन. इथवर सगळे सारखे. चौथ्या हाताला जी साखळी लटकलीय तिच्यावरून कोण ते ओळखायचं. तिथं पण नुसता हायड्रोजन असला की ग्लायसीन. गंधक दिसलं की सिस्टीन, नाहीतर मेथिओनीन. साखळीला फांदी फुटलेली असली की व्हॅलीन, ल्युसीन, आयसोल्युसीन.
हे फांदीवाले तिघं माझ्या चिमीच्या अंगात मोडत नाहीत. साठतात, मेंदूला लागतात. पुण्याहून पावडर येते, तिच्यात हे तिघं नसतात. वर थोडंसं दूध, तेही मापून. वर्गात यातलं काही बोलले नाही. आवाजही कापला नाही. हल्ली मला काही वाटतच नाही.

९ नोव्हेंबर
चिमीला सहावा महिना सरला. सासूबाई उष्टावणाचा दिवस धरून, नळदुर्गला दादाला फोन करून मोकळ्या. मामानं भाचीला पहिली खीर चारायची, ते चुकवायचं कसं. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, साबुदाणा पाण्यात शिजवा, त्यात प्रथिन जवळजवळ नसतंच. दूध मापाच्या वर थेंबभर नको.
सासूबाईंचं तोंड उतरलं. शुभ कामाला उपासाचं? पण खीर मीच करीन म्हणाल्या.
म. म्हणाला, होतंय सगळं नीट. नवऱ्याचं हे ऐकून ऐकून कान किटले.

१६ नोव्हें.
उष्टावण झालं. दादानं चांदीची वाटी आणली, चिमीला मांडीवर घेतलं. तिनं मिटक्या मारत वाटी संपवली. सगळे हसले. मीही हसले असणार, फोटोत दिसतंय.
मग वाटीच्या तळाकडं लक्ष गेलं. पांढरं. नुसत्या पाण्यात साबुदाणा असा होत नाही. सासूबाईंना विचारलं.
खुशीत म्हणाल्या, “दुधाचा थेंब न्हाय घातला बघ. शेंगदाणे भिजवून वाटले, गाळून घातले. पाण्याची खीर मामाच्या हातात कशी द्यायची?”
दूध बाधतं, एवढंच त्यांनी धरलेलं. शेंगदाण्यात हे तिघं भरपूर. उपासाच्या आमटीला वाटतात तसे वाटले बिचारीनं, मायेनं.
राग यायला हवा होता. आला नाही. डॉक्टरांना फोन लावला. दूध बंद, नुसती पावडर, लक्ष ठेवा. मी बरं म्हणाले. सगळ्यांची ताटं वाढली.

१७ नोव्हें.
सकाळी चिमीचं नाक वाहत होतं. बाटली अर्धी टाकली. दुपारी तीही नको. मान सावरेना. रडणं बारीक. दादा थांबला होता, त्याच्याच गाडीनं सोलापूर. सासूबाई न विचारता मागं येऊन बसल्या.

१८ नोव्हें., सोलापूर
चिमीच्या हाताला साखरेचं सलाईन. रक्त पुण्याला गेलंय. डॉक्टर म्हणतात, खिरीनं झालं असेल, नाहीतर सर्दीनं. आजारात अंगातलंच मांस झिजतं, त्यातनं पण हे तिघंच सुटतात. रिपोर्ट आला तरी कशानं ते सांगता येणार नाही.
सासूबाई बाहेर बाकावर. कालपासून चहासुद्धा नाही. मी गेले तर पदर धरला माझा.
“माझ्यानं झालं का गं?”
“न्हाय आई. सर्दीनं.”
त्यांनी ऐकलं. पदर सोडला नाही. तशीच उभी राहिले, किती वेळ कुणास ठाऊक. खरं काय ते मलाही माहीत नाही. त्यांच्याजवळ बसून रडावंसं वाटलं. रडू आलं नाही.
संध्याकाळी चिमीनं डोळे उघडले. मी हाक मारली. माझ्याकडं बघत होती की माझ्यामागच्या खिडकीकडं, कळलं नाही. मी जरा डावीकडं सरकले. डोळे तिथंच.