खटका खाली केल्याची हकिकत

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात रिकामे आहेत हे आधी दाखवून, मग ते जोडून, आपल्या एकुलत्या एका जावयाचा साष्टांग नमस्कार. आपली दाढ आता कशी आहे? सूज उतरली असल्यास मफलर सोडायला हरकत नसावी. डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा डॉक्टरांनी काढायला सांगितला असेल तर तोही ताबडतोब काढावा. (ही विनंती जावई म्हणून कमी आणि पहारेकरी म्हणून जास्त आहे.) माझी प्रकृती ठीक. आपली लेक रागावून आपल्याकडे निघून आल्यापासून कुकर मीच लावतो, शिट्टी झाली की मीच दचकतो आणि गॅसही मीच बंद करतो.

मामा, 'आमचे जावई दागिन्यांच्या दुकानात कमरेला पिस्तुलाचं रिकामं चामडं बांधून उभे असतात,' असं आपण चारचौघांत सांगत होता, हे मला मेहुण्याकडून कळलं होतं. आता मुळापासून सांगतो. माझं जुनं पिस्तूल ठेवायची रीत अशी, की नळीत गोळी, घोडा, म्हणजे मागची हातोडी, ताणलेला आणि बाजूचा खटका वर, म्हणजे बंद. ताणलेला घोडा बघून लोकांना धडकी भरते, पण त्या पिस्तुलाची घडणच तशी. प्रसंग आला की अंगठ्याने खटका खाली दाबायचा, की पिस्तूल तयार. इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. पण गिऱ्हाईक बायका हार बघायचं सोडून माझ्या कमरेकडे बघायला लागल्या आणि मालक म्हणाले, "अरे, त्या घोड्याचं डोकं खाली कर, माझा धंदा बसेल!" आता नळीत गोळी असताना तो घोडा अंगठ्याने हळूच उतरवणं म्हणजे विषाची परीक्षा. अंगठा निसटला की गोळी सुटलीच. आमच्या पहाऱ्याच्या कंपनीची हत्यारं सांभाळणारे उस्ताद हे ऐकून इतके भडकले, की मालकांनाच चहा मागवावा लागला. शेवटी तडजोड म्हणून मला नवं पिस्तूल मिळालं.

या नव्याचा खटका खाली दाबला की घोडा गोळीला न शिवता आपोआप उतरतो आणि चाप मुका होतो, कितीही ओढा, गोळी सुटत नाही. मग खटका पुन्हा वर करायचा आणि पिस्तूल कमरेला लावायचं. नळीत गोळी, पण घोडा खाली, आणि पहिल्या वेळी चाप चांगला लांब आणि जड, त्यामुळे चुकून ओढला जात नाही. दिसायला गरीब गाय. गोम एवढीच, की जुन्यात खटका खाली म्हणजे तयार आणि नव्यात खटका खाली म्हणजे बंद. उस्तादांनी माझ्याकडून घोकून घेतलं, "वर म्हणजे वार, खाली म्हणजे खुशाली." मी दाढी करताना म्हणायचो, भांडी विसळताना म्हणायचो. आपली लेक म्हणाली, "अहो, पुरे आता, मलासुद्धा पाठ झालं." (तिला पाठ झालं, हेच पुढे माझ्या मुळावर आलं.) मलाही पाठ होतं. अंगठ्याला मात्र कुणी विचारलंच नव्हतं, आणि अंगठा जुन्याच नोकरीत होता.

त्या दिवशीचं आपण जाणताच, पण आपल्या बाजूने. माझ्या बाजूने असं, की दुकान बंद, आत मालाची मोजदाद चाललेली, पुढचं शटर अर्धं खाली, आणि मी आतच, मागच्या दाराकडच्या बोळात स्टुलावर. झाडूवाल्या बाईंनी रिकामी खोकी टाकायला मागचं दार उघडलं होतं. त्या दारात एकदम एक माणूस उभा राहिला. तोंडाला मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांबलचक वस्तू. पाठीमागून ऊन, त्यामुळे चेहरा नाहीच. वर तो माणूस घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हात वर!" मामा, थट्टेला जागा असते, वेळ असते, आणि समोरच्या माणसाच्या कमरेला काय आहे याचाही थोडा विचार असतो. रिकामं चामडं समजून आपण बोललात हे मला आता कळतं. तेव्हा मी पिस्तूल काढलं, अंगठ्याने सवयीप्रमाणे खटका खाली दाबला आणि चाप ओढला.

काहीच झालं नाही. चाप नुसता ढिला मागे आला. आपण मफलर ओढून "अहो, मी! मी!" म्हणालात आणि ती लांबलचक वस्तू खाली पडून वर्तमानपत्रातून छत्री बाहेर आली. माझ्यासाठी आणलेली नवी छत्री. मी पिस्तूल जमिनीवर ठेवलं आणि तिथेच फतकल मारून रडायला लागलो. पाणीही आपणच आणून दिलंत.

आता कंपनीत विचारतात, समोर हत्यारबंद माणूस दिसत असताना गोळी का सुटली नाही. घरी विचारतात, ओढलाच कसा चाप. मी आपल्या लेकीला सांगून पाहिलं, की मी मामांना ओळखलं म्हणूनच खटका खाली केला, खाली म्हणजे खुशाली. ती म्हणाली, "खाली म्हणजे खुशाली मलाही पाठ आहे. मग चाप का ओढलात?" यावर काही उत्तर सुचल्यास उलट टपाली कळवावे. मला सुचलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर नसलेलं उत्तर शोधायची आता हिंमतही नाही. अजून रात्री डोळा लागला की तो ढिला चाप बोटाला जाणवतो.

सासूबाईंना नमस्कार. छत्री उत्तम आहे, दांडा किंचित वाकला आहे.

आपला (अजून तरी) जावई

ता. क. : हे पत्र आपल्या लेकीला दाखवू नये.

ता. क. : आपण "हात वर" म्हणालात, हे मी कंपनीत, घरी, कुठेच बोललेलो नाही. सासूबाईंनाही नाही. रविवारी लेकीला घेऊन जेवायला आलात तर पुढेही बोलण्याचं कारण पडणार नाही. पुढच्या दाराने यावे.

ता. क. : मी उस्तादांना विचारून नळी रिकामी ठेवायला लागलो आहे. गोळ्या खाली मॅगझिनमध्ये, नळीत एकही नाही. आता आधी वरची स्लाइड खेचून गोळी नळीत आणावी लागते. उस्ताद म्हणाले, "तेवढ्या वेळात चोर गाठेल तुला." मी म्हटलं, तेवढ्या वेळात सासरा ओळखता येतो. त्यांनी चहा मागवला.

ता. क. : पहिला ता. क. रद्द समजावा. मी रडलो हे आपण तिला आजवर सांगितलं नाहीत, माझी लाज राखलीत, त्याचे उपकार आहेत. पण आता सांगा.